पाठमोऱ्या माणसाचा चेहरा

दुधी काच. एका कोपऱ्यात टवका उडालेली.

साबणाच्या पाण्यात विरघळणारा एक मंत्री. आधी त्याच्या हातातली कात्री गेली, मग फीत, मग हसू.

"अहो, फोकस! फोकस करा!" अंधारात कोणीतरी ओरडतो.

गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेली लांबच लांब पारदर्शक पट्टी. तिच्या शेजारी एक बनियन.

माणूस. पाठमोरा. कोटाची शिवण खांद्यापाशी उसवलेली.

कानामागे पेन्सिल खोचलेला सुतार विचारतो, "टेबलाच्या पोटात दिवा? कशाला? चोर लपवायचाय का तिथं?"

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कोणी लागत नाहीत असे तुम्हाला वाटेल. सिनेमाच्या पट्टीवरही प्रत्येक चित्र सुटे असते. पट्टी भराभर सरकली की चित्रे जुळतात आणि माणूस चालू लागतो. मला मात्र काहीच भराभर सरकवता येत नाही. मी एक जुने टेबल आहे, काचेच्या पाठीचे आणि पोटात दिवा असलेले. दिवा आता लागत नाही. एका इमारतीच्या जिन्याखाली, रंगाचे रिकामे डबे अंगावर घेऊन मी उभा आहे. तुम्ही येता-जाता माझ्या पायाला चेंडू मारता, म्हणून तुमच्याशी ओळख आहे असे धरून सांगतो.

माझी काच दातांच्या एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या खिडकीची. तिच्यावरची अक्षरे खरवडून काढली होती, तरी तिरप्या उजेडात 'वेदनारहित' हा शब्द दिसे. पाय एका जुन्या दाराच्या चौकटीचे. सुताराने कपाटे केली होती, पाळणे केले होते, पण असले काही कधी केले नव्हते. काम सांगणारे गृहस्थ त्याला हातवारे करून समजावत होते. "असं बघा, काच वर, दिवा खाली. काचेवर कागद ठेवला की खालच्या कागदावरचं चित्र वरच्यावर उमटतं. मग गिरवायचं."

"म्हणजे नक्कल," सुतार म्हणाला. "शाळेत आम्ही खिडकीला कागद लावून करायचो. मास्तर छडी हाणायचे."

"मला त्याचा पगार देतात," गृहस्थ म्हणाले.

ते गृहस्थ म्हणजे माझे मालक. एका वर्तमानपत्रात व्यंगचित्रकार होते. कचेरीत त्यांना सगळे रेघोजी म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांच्या बायकोला कचेरीतली माणसे वहिनी म्हणत, म्हणून त्या माझ्याही वहिनीच. माझ्या पोटात सुरुवातीला साधे दिवे होते. ते इतके तापत, की थंडीत वहिनी येऊन माझ्यावर हात शेकत आणि म्हणत, "एवढं एक काम मात्र बरं करतं हो तुमचं टेबल."

रेघोजींच्या नोकरीचा पहिला दिवस मी पाहिला नाही, पण त्यांनी तो इतक्यांदा सांगितला आहे की पाहिल्यासारखाच आहे. पान छपाईला जायचे होते आणि तळातली एक चौकट रिकामी होती. संपादक डोक्यावर उभे. चित्र काढायचे होते रांगेत ताटकळलेल्या माणसाचे. कोट झाला, टोपी झाली, पिशवी झाली. चेहरा काही केल्या येईना. शेवटी रेघोजींनी माणूसच फिरवला आणि त्याची पाठ काढली.

"हा कोण?" संपादकांनी विचारले.

"वैतागराव."

"तोंड कुठाय त्याचं?"

"फिरवलंय त्यानं. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणाला."

संपादक हसता हसता खोकायला लागले. खोकता खोकताच म्हणाले, "छापा!"

त्या दिवसापासून वैतागराव रोज छापून येऊ लागला, रोज पाठमोरा. तो रांगेत उभा असे, सभेत मागच्या बाकावर बसे, दवाखान्याच्या बंद दारासमोर थांबे. बोलत कधीच नसे. नुसती पाठ बघून लोक ओळखत की आज स्वारी रागावली आहे, आज खचली आहे, आज कोणीतरी हिला पुन्हा उल्लू बनवले आहे. खांद्याची एक रेघ जरा खाली आली की सारे शहर उसासा टाकी. न्हाव्याच्या दुकानात पैजा लागत, की चेहरा कसा असेल. मिशा आहेत की नाहीत. रेघोजींना रस्त्यात अडवून लोक विचारत.

एकदा वहिनींनीच विचारले, "तुम्हाला तरी माहीत आहे का हो?"

"माहीत असतं तर रोज पाठ कशाला काढली असती?" ते म्हणाले.

मित्रांनो, हे कौतुकाचे दिवस. आत्मवृत्तात ते यावे लागतात. माझ्यापुरते सांगायचे तर रोज सकाळी माझी काच ओल्या फडक्याने पुसली जाई, आणि दुपारपर्यंत माझ्यावर एक तरी माणूस उभा राहिलेला असे.

पण रेघोजींना चौकट पुरेना. चौकटीतला माणूस हलत नाही, हे त्यांना खुपू लागले. सिनेमा करायचा, तर कॅमेरा हवा, स्टुडिओ हवा, पैसेवाला हवा. यातले काहीच नव्हते. टेबल होते. तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याशिवाय सिनेमा करायचे ठरवले. म्हणजे काय, तर कोरी पारदर्शक फिल्म घ्यायची, माझ्या काचेवर ताणून बसवायची, खालून दिवा लावायचा आणि अंगठ्याच्या नखापेक्षा जराशा मोठ्या चौकटीत थेट चित्र काढायचे. मग शेजारच्या चौकटीत तेच चित्र, केसभर बदलून. मग त्याच्या शेजारी. पडद्यावर एक सेकंद भरायला चोवीस चित्रे लागतात. रेघोजी पहाटे उठत, कचेरीत जाण्याआधी जितकी होतील तितकी चित्रे करत. एखाद्या आठवड्यात सारे मिळून वैतागरावाचे एकदा डोके खाजवून होई.

कोरी फिल्म मिळत नसे. मग एका फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतून ते टाकाऊ रिळे पोत्यात भरून आणू लागले. जुन्या बातम्या, साबणाच्या जाहिराती, कोणाकोणाची उद्घाटने. ती रिळे पुसून कोरी करायचे काम वहिनींकडे आले. त्या न्हाणीघरात टबभर गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्लीच घालत, हातमोजे चढवत आणि पट्टी बुडवून स्पंजाने चोळत. माणसे, घोडे, पूल, मंत्री, सगळे काळपट पाणी होऊन मोरीतून वाहून जाई. मग पट्टी गॅलरीत दोरीवर.

शेजारची बाई डोकावे. "वहिनी, हे काय वाळत घातलंय?"

"सिनेमा."

"अगंबाई! कोणता?"

"अजून कोणताच नाही."

वहिनी कधी कधी धुण्याआधी पट्टी माझ्यावर ठेवून बघत. "अहो, हा बघा ना, पूल बांधलाय बिचाऱ्यांनी. धुऊ?"

"धू."

"यात एक बाई रडतेय."

"अगं, ती केव्हाच थांबली असेल रडायची. धू."

पहिल्या काही फिल्मा लहान होत्या. नुसते ओरखडे, ठिपके, नाचणाऱ्या रेघा. चित्रपटप्रेमींच्या एका संस्थेने त्यातली एक दाखवली. मी तिथे नव्हतो, टेबले कुठे जात नाहीत. परत आल्यावर रेघोजींच्या मुलीने सारे नक्कल करून दाखवले, तेव्हा ती नुकती शाळेत जाऊ लागली होती. पडद्यावर रेघा सुरू होताच मागून एक जण "फोकस! फोकस करा!" म्हणून ओरडला. दुसरा म्हणाला, "फोकस नाही, डोकं बिघडलंय." यंत्र चालवणाऱ्याला वाटले फिल्म फाटते आहे, म्हणून त्याने धावत जाऊन यंत्रच बंद केले आणि दिवे लावले. रेघोजी उठून म्हणाले, "बरोबर चाललं होतं." तो म्हणाला, "साहेब, याला बरोबर म्हणतात होय?"

त्या दिवशी घरी सगळे खूप हसले. रेघोजीही हसले. मग माझा दिवा लावून नुसतेच बसून राहिले.

हसू ओसरल्यावर त्यांनी ठरवले, की आता एकच करायचे आणि सगळे त्यात घालायचे. वैतागराव वळणार. एवढीच गोष्ट. सुरुवातीला तो नेहमीसारखा पाठमोरा उभा असेल आणि मग वळू लागेल, इतका हळू, की बघणाऱ्याला कळू नये हा वळतो आहे की आपलीच मान अवघडली आहे. वळताना त्याच्या मागून, पुढून, अंगावरून सारे शहर जाईल. माणसे, गाड्या, कुत्री, पाऊस, दंगल, लग्न, राखेचे ढग. आणि शेवटी चेहरा.

इथे मला एक गोष्ट नीट समजावून सांगायची आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तुम्ही बघता त्या सिनेमाच्या मागे एक मूळ प्रत जपून ठेवलेली असते आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. रेघोजींच्या सिनेमाला मागे काही नव्हते. त्यांनी जे काढले ते त्या पट्टीवरच होते, पट्टीच्या पाठीवर, उघड्या शाईत. शाई कचेरीतली, पाण्यात विरघळणारी. बाजारात फिल्मवर चिकटून बसणारे रंग मिळत. ते त्यांनी वापरून पाहिले होते. सुकल्यावर त्यांना भेगा पडत आणि रेघ दोरखंडासारखी जाड येई. कचेरीच्या शाईत साबणाचा एक थेंब घातला की ती गुळगुळीत पट्टीवर फुटत नसे आणि केसासारखी रेघ उठे. खांद्याची ती रेघ त्यांना तशीच हवी होती. म्हणून शाई तीच राहिली.

ही फिल्म यंत्रावर चढवली असती तर घासून शाईचे कपचे उडाले असते. म्हणून तिची प्रत निघेपर्यंत ती कोणाला दाखवायची नाही, असे ठरले. बघायची तर माझ्यावर ठेवून, पट्टी हाताने सरकवत, एकेक चौकट.

मित्रांनो, या सिनेमाला किती वर्षे लागली ते सांगत नाही. फक्त एवढे सांगतो, की सुरुवात झाली तेव्हा मुलगी माझ्याखाली घर-घर खेळत असे, आणि वैतागरावाचा कान दिसू लागला तेव्हा तिचे लग्न होऊन गेले होते. माझ्या पोटातले दिवे जाऊन ट्यूब आली. हसता हसता खोकणारे संपादक निवृत्त झाले आणि पुढे वारले. नवे संपादक आले. ते तरुण होते, सभ्य होते. त्यांनी रेघोजींना घरी येऊन सांगितले, माझ्यासमोरच.

"काका, तुमच्याविषयी फार आदर आहे."

"मग काढूनच टाकणार म्हणा की," रेघोजी म्हणाले.

"तसं नाही हो. पण वाचकांना आता चेहरा लागतो. फोटो लागतो. नुसती पाठ किती दिवस बघायची?"

"थांबा की थोडं. वळतोय तो."

संपादकांना ते कळले नाही. त्यांनी हात जोडले, पाणी प्यायले आणि गेले. दुसऱ्या आठवड्यापासून त्या चौकटीत सोन्याच्या दागिन्यांची जाहिरात येऊ लागली. थोडे दिवस लोकांनी चौकशी केली. मग केली नाही.

त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी कप, मग पेन. औषधे झाली. हात काही ऐकेना. शेवटच्या चौकटी त्यांनी उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून काढल्या. माझ्यावर त्यांच्या कोपराचे ओझे पडे आणि काच अगदी बारीक वाजत राही. एकेका चौकटीला सारी सकाळ लागे. चेहरा आला तो असा.

तो आला त्या सकाळी त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या, वाकल्या, भिंग डोळ्याला लावले.

मग म्हणाल्या, "अहो, हा तर कोणीच नाही."

"तेच तर," रेघोजी म्हणाले.

"नाही, पण... कुठेतरी बघितल्यासारखा आहे हो. बसस्टॉपवर वगैरे. आपण वाट विचारतो ना एखाद्याला, आणि तो सांगतो, आणि आपण जातो. तसा."

रेघोजी रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिले. मीही तो चेहरा पाहिला, पण खालून, म्हणजे उलटा. डावा गाल मला उजवा दिसला. मिशा नव्हत्या. तो काहीतरी बोलण्याच्या बेतात होता, हे मात्र मला उलटेही कळले.

मग रीळ पत्र्याच्या गोल डब्यात गेले आणि डबा माझ्या खालच्या फळीवर. तिथे तो पुष्कळ दिवस राहिला. प्रत काढायची तर डबा घराबाहेर पाठवायला हवा, आणि रेघोजींचा धीर होत नसे. चित्रपटप्रेमींच्या त्या संस्थेतल्या एक बाई, ज्यांना जुने प्रायोगिक सिनेमे गोळा करायचा ध्यास होता, त्या दोनदा येऊन विनवून गेल्या. "तुमच्या सगळ्या कामाचा एक कार्यक्रम करू. प्रत आम्ही काढवून घेतो. चांगली माणसं आहेत प्रयोगशाळेतली."

"बघू," रेघोजी म्हणत.

त्या गेल्यावर वहिनी चिडल्या. "बघू काय बघू? कोण बघणार आहे? मी बघितलं, आता टेबल बघतंय. डब्यात ठेवून काय लोणचं घालायचंय त्याचं?"

"खराब झालं म्हणजे?"

"आणि इथं बसून नाही का होणार? शाई सुटते म्हणाला होतात ना तुम्हीच? अहो, एकदा चार लोकांना दिसू दे. एवढं आयुष्य घातलंत. माझं पण गेलंय की त्यात, नुसतं तुमचंच नाही. हाताची सालं निघाली माझ्या."

रेघोजींनी संस्थेला होकार कळवला. डबा न्यायला मुलगी आली. रेघोजी तिला सूचना देत होते आणि ती मान हलवत होती. उन्हात धरू नकोस. रिक्षात मांडीवरच ठेव, सीटवर नको. आडवाच धर, उभा नको. झाकण उघडू नकोस.

"बाबा, बाळंतिणीलासुद्धा एवढं सांगत नाहीत."

"बाळ पुन्हा होतं."

"ऐक, आई, काय म्हणतात बघ! म्हणजे मी काय अशीच पडले का तुमच्या पदरात?"

सगळे हसले. त्या सगळ्या सूचनांत एक राहून गेली. ती त्यांना सुचलीच नाही, कारण ती सांगायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या घरात किती लोकांचे पूल, घोडे आणि मंत्री धुतले गेले होते. आपलेही कोणी धुईल, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

प्रत काढण्याआधी फिल्म धुण्याच्या टाकीतून काढायची, ही प्रयोगशाळेची रीत होती. कोणत्याही जुन्या फिल्मवर धूळ असते, बोटांचे तेल असते, ओरखडे असतात. कोमट पाणी आणि रबराचे मऊ रूळ यांतून ती गेली की धूळ जाते, ओरखडेही बुजतात. चित्र जात नाही, कारण चित्र आत असते. सगळ्या जगाच्या सिनेमात ते आत असते.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतला माणूस स्वतः डबा घेऊन आला. खरे तर मुलगी आणायला जाणार होती. पण त्याला यायचे होते. पन्नाशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला पेन लावलेला. दारातच वाकून नमस्कार केला.

"साहेब, मी तुमचा जुना वाचक. वैतागराव! शाळेत असल्यापासून. कात्रणं आहेत माझ्याकडे. डब्यावर तुमचं नाव बघितलं आणि म्हटलं, हे काम दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. स्वतः केलं."

रेघोजी खूश झाले. वहिनीही आल्या. त्याने दोन डबे माझ्यावर ठेवले, एक मूळ आणि एक प्रत.

"फार खराब अवस्थेत होतं, साहेब. नुसते डाग. शाईचे असावेत, सगळीकडे. कोणी ठेवलं होतं असं? सोमवारी विचारायला फोनही केला, कोणी उचलला नाही. एका वेळेच्या धुण्यानं निघेना, मग परत धुतलं. मग हातानं पुसलं, मऊ कापड घेऊन. एक डाग ठेवला नाही. आता बघा."

रेघोजींनी माझा दिवा लावला. डबा उघडला, पट्टीचे टोक काढले आणि माझ्यावर सरकवू लागले.

कोरी चौकट.

कोरी चौकट.

कोरी चौकट.

माझा उजेड तिच्यातून सरळ आरपार गेला आणि छताला लागला. आयुष्यात इतका विनाअडथळा तो कधी गेला नव्हता.

"चित्र काही दिसलं नाही मला," प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, जरा संकोचून. "पण बाईंनी सांगितलं होतं, प्रायोगिक आहे. म्हटलं, असेल, नुसता प्रकाश असेल. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

रेघोजी पट्टी सरकवत राहिले. वहिनींनी दाराची कड धरली होती.

"साहेब, एक विचारू?" तो म्हणाला. "रागावणार नाही ना? लहानपणापासून मनात आहे. वैतागरावाचा चेहरा कसा आहे हो?"

रेघोजींचा हात थांबला. त्यांनी त्या माणसाकडे पाहिले. मला खालून त्यांची फक्त हनुवटी दिसत होती.

"चांगला आहे," ते म्हणाले.

"मला वाटायचंच!" तो हसला.

"चहा घेणार ना?" रेघोजी म्हणाले. "अगं, चहा टाक यांच्यासाठी."

वहिनी चहा टाकायला गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, नुसते भांडे खाली ठेवल्याचा. मग चहा आला. त्या माणसाने तो पिऊन, पुन्हा नमस्कार करून निरोप घेतला. त्याला काही सांगितले गेले नाही. अजूनही त्याला माहीत नसावे.

दार लागल्यावर वहिनी म्हणाल्या, "मीच म्हणाले पाठवा."

"मी पाठवलं," रेघोजी म्हणाले.

"मी मागे लागले."

"अगं, पुरे."

यापुढचे मला कसे सांगावे कळत नाही. आत्मवृत्तात पडत्या काळानंतर काहीतरी उभारी असते. इथे एक कार्यक्रम आहे, तो सांगतो. रेघोजी गेले नाहीत. बरे नाही म्हणून कळवले. मुलगी प्रत घेऊन गेली, तिला काही माहीत नव्हते. परत आली ती धापा टाकत. "बाबा! पूर्ण वेळ नुसता पांढरा पडदा! कोणी हललं नाही. कोणीसुद्धा ओरडलं नाही फोकस म्हणून! संपल्यावर लोक उभे राहिले, टाळ्या वाजवत. एक जण तर म्हणाला, एवढं धाडस इतक्या वर्षांत कोणी केलं नाही. बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही, असं आहे म्हणून?"

रेघोजी म्हणाले, "दमली असशील. जेवून घे."

नंतर वहिनींनी तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले. मला शब्द ऐकू आले नाहीत. मग ती बाहेर येऊन माझ्यापाशी उभी राहिली आणि हातांनी काच चाचपत राहिली, जणू तिच्यावर कुठे काही सांडून उरले असेल.

वर्तमानपत्रात दोन रकाने आले. रेघोजींच्या आयुष्यात त्यांच्या सिनेमावर छापून आलेले सर्वांत मोठे लिखाण ते. त्यात लिहिले होते, की या कलावंताने अखेर रेघेचाही त्याग केला. परगावाहून दोन बोलावणी आली. रेघोजींनी प्रत तेवढी संस्थेला देऊन टाकली आणि कोणाला काही खुलासा केला नाही. वहिनी म्हणाल्या, "सांगा तरी. यात माणूस होता म्हणावं."

"कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवला तर त्या बिचाऱ्या कात्रणवाल्याचं काय?"

त्यांनी पुन्हा काढून पाहिले. खोटे नाही सांगत, पाहिले. त्याच धुतलेल्या पट्टीवर, कारण आता तीच सर्वांत स्वच्छ कोरी फिल्म घरात होती. मनगट धरले, पेन टेकवले. शाई पसरली. वहिनींनी ओल्या कापडाने ती पुसली. पुन्हा टेकवले. पाठसुद्धा येईना, जी त्यांनी रोज काढली होती. काही दिवसांनी ते नुसते माझा दिवा लावून बसू लागले. मग दिवा लावणेही राहिले. मग ते स्वतःच राहिले नाहीत. वहिनी लेकीकडे गेल्या, आणि तिचे घर लहान, म्हणून मी जिन्याखाली आलो. माझी ट्यूब कोणीतरी काढून नेली. वायर उंदरांनी खाल्ली. काच अजून आहे, पण तिच्यावर रंगाचे डबे आहेत, आणि डब्यांखाली काय उमटते ते कोणी बघत नाही.

मित्रांनो, आता मला काही मागायचे असते, अशी पद्धत आहे. माझी काच पुसा, मला उजेडात न्या, असे मी म्हणणार नाही. पुसण्याचे मी फार पाहिले आहे. एवढेच मागतो, की दुसऱ्याची एखादी वस्तू स्वच्छ करायला घ्याल तेव्हा आधी विचारा. तुमचे मन चांगले असेल तर जास्तच विचारा. त्याने काही वाचेल अशी मला आशा नाही. तरी विचारा.

रीळ प्रयोगशाळेत होते त्या सोमवारी दुपारी, रेघोजी आणि वहिनी कार्यक्रमासाठी रेघोजींचा नवा शर्ट घ्यायला बाहेर गेले असताना, घरातला टेलिफोन वाजला होता, थांबला होता आणि पुन्हा बराच वेळ वाजत राहिला होता.